मोर्लाक नेमके कोण होते?

क्रोएशियात झादर शहराच्या मागच्या सपाट मुलखात इस्लाम नावाची दोन गावं शेजारी शेजारी आहेत. एक इस्लाम ग्रचकी, म्हणजे 'ग्रीक इस्लाम' आणि दुसरं इस्लाम लातिन्स्की, म्हणजे 'लॅटिन इस्लाम'. नावं वाचून डोकं गरगरावं अशीच आहेत. 'इस्लाम' हे नाव तुर्कांच्या काळातल्या गढीवरून आलं. 'ग्रीक' म्हणजे तिथले लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. ग्रीस देशाशी त्यांचा काही संबंध नाही. 'लॅटिन' म्हणजे कॅथलिक. दोन्हीकडची भाषा एकच, शेती तीच, मेंढ्याही तशाच. सतराव्या शतकाच्या अखेरीस, किनाऱ्यावर राज्य असलेल्या व्हेनिसचा एखादा कारकून इथे आला असता, तर दोन्ही गावांतल्या माणसांपुढे त्याने एकच शब्द लिहिला असता: मोर्लाक.

आज हा शब्द जवळपास मेला आहे. पण तीन-चारशे वर्षं तो एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे डाल्मेशियात, रोजच्या वापरातला होता. नकाशांवरही होता. वेलेबित पर्वताला इटालियन नकाशे 'मोर्लाकांचा डोंगर' म्हणत आणि त्याच्या पायथ्याशी असलेल्या खाडीला 'मोर्लाकांची खाडी'. मग ही माणसं कोण? सर्ब, क्रोएट, रोमानियन, की या सगळ्यांहून वेगळीच एखादी जमात? या प्रश्नावर बाल्कन प्रदेशात दीडशे वर्षं भांडणं झाली आहेत. माझ्या मते उत्तर सापडत नाही, कारण प्रश्नच एकोणिसाव्या शतकातला आहे आणि माणसं त्याआधीची.

आधी मुलूख समजून घेऊ. डाल्मेशियाचा किनारा चिंचोळा आहे. झादर, शिबेनिक, स्प्लिट, दुब्रोवनिक ही दगडी तटबंदीची शहरं, त्यांच्यापुढे बेटं आणि पाठीमागे लगेच चुनखडीचे उघडेबोडके डोंगर. या डोंगरांत पाणी जमिनीवर टिकत नाही, भेगांतून खाली उतरतं. शेतीला जागा म्हणजे डोंगरांमधली सपाट खोरी, तेवढीच. हिवाळ्यात 'बुरा' नावाचा गार वारा माणसाला उभं राहू देत नाही. इथे मेंढ्या पाळणाऱ्याचं वर्ष दोन ठिकाणी जातं: उन्हाळा दिनारा किंवा वेलेबितच्या माथ्यावरच्या कुरणांत, हिवाळा खाली किनाऱ्याजवळ. आपल्याकडचा धनगर पावसाळ्यात माणदेशात आणि दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतो, तसाच हा फेरा; फक्त इथे तो पावसाऐवजी थंडीवर चालायचा. चीज, लोकर, कातडी घेऊन खाली यायचं आणि मीठ घेऊन वर जायचं. दुब्रोवनिकचा व्यापार तर बऱ्याच अंशी याच लोकांच्या घोड्यांच्या तांड्यांवर चालायचा. बोस्नियाच्या आतल्या भागात माल पोहोचवणारे तेच.

मध्ययुगातल्या कागदांत या पशुपालकांना 'व्लाख' म्हटलेलं दिसतं. जर्मानिक लोक लॅटिनसारखी भाषा बोलणाऱ्यांना ज्या शब्दाने ओळखत, तोच शब्द स्लाव्हांनी उचलला. वेल्स आणि वॅलोनिया ही नावंही त्याच मुळाची. रोमन साम्राज्य बाल्कनमध्ये काही शतकं होतं. सहाव्या-सातव्या शतकांत स्लाव्ह टोळ्या आल्या, तेव्हा लॅटिन बोलणारी बरीच जनता किनाऱ्यावरच्या शहरांत किंवा डोंगरांत उरली. डोंगरांत उरलेले ते व्लाख, असं साधारण मानलं जातं. 'मोर्लाक' हा त्याचाच जोडशब्द: ग्रीक 'माव्ह्रोस', म्हणजे काळा, अधिक व्लाख. ट्रोगिरचा इतिहासकार इव्हान लुचिच याने 1666मध्ये छापलेल्या ग्रंथात हीच फोड दिली. 'काळे' का, यावर मात्र एकमत नाही. कुणी काळ्या लोकरीच्या कपड्यांकडे बोट दाखवतं, तर कुणी म्हणतं की काळा रंग उत्तर दिशा दाखवायला वापरत. क्निन आणि क्रबावा भागातल्या 1344च्या नोंदीत मोर्लाक भेटतात, तेही तिथल्या सरंजामदारांच्या भांडणात सापडलेले. दुब्रोवनिकच्या चौदाव्या शतकातल्या कागदांत व्लाख आणि मोर्लाक हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे: लॅटिनचे वारस असलेले मेंढपाळ. पुढे ती गुंतत जाते, कारण 'व्लाख' हा शब्द भाषेपेक्षा धंद्याचा आणि कायद्याचा होत गेला. सर्बियाचा राजा मिलुतिन याने चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला बान्यस्का मठाला सनद दिली. तिच्यात एक कलम आहे: सर्बाने व्लाखांत लग्न करू नये. आजच्या डोळ्यांनी वाचलं तर हा वंशद्वेष वाटतो. पण मठाच्या हिशेबाने पाहा. नांगर धरणारं कूळ मेंढपाळांच्या घरात लग्न करून डोंगरात गेलं, तर मठाची जमीन कोण कसणार? नांगरवाल्यांची बंधनं वेगळी आणि मेंढपाळांची वेगळी, आणि दोघांची सरमिसळ मालकाला परवडणारी नव्हती. म्हणून अनेक इतिहासकार या कलमात दोन वंशांपेक्षा दोन प्रकारची रयत पाहतात. त्सेतिना नदीच्या खोऱ्यातल्या व्लाखांना 1436मध्ये फ्रांकोपान या क्रोएशियातल्या सरंजामदार घराण्याच्या इव्हानने त्यांचे हक्क लिहून दिले, तेही याच चौकटीत: कर किती, लष्करी चाकरी कोणती, न्याय कोणासमोर.

दरम्यान भाषा बदलत होती. आजूबाजूला सगळीकडे स्लाव्ह बोली आणि बाजार, चर्च, लग्नसंबंध सगळे त्यांच्याशीच. कागदांतल्या व्लाखांची नावं हळूहळू स्लाव्ह होत जातात. राडुल, ड्रागुल अशा नावांचा '-उल' हा शेपटासारखा प्रत्यय तेवढा जुन्या भाषेची आठवण सांगतो. सोळाव्या शतकापर्यंत डाल्मेशियाच्या मागच्या मुलखातले बहुतेक मोर्लाक स्लाव्ह बोलीच बोलत होते. एक गमतीचा अवशेष मात्र मेंढ्या मोजण्यात टिकला. मेंढपाळ जोड्यांनी मोजायचे: दो, पातो, शास्तो, शोप्ची, झेची. म्हणजे दोन, चार, सहा, आठ, दहा. बाकी सगळं बोलणं स्लाव्ह, पण कळप मोजताना तोंडात लॅटिनच्या नातवंडांचे आकडे. ज्या कामात रोज तीच पुटपुट करायची असते, तिथे जुनी भाषा सगळ्यात उशिरा मरते.

मग तुर्क आले. 1463मध्ये बोस्निया पडला, 1522मध्ये क्निन आणि 1537मध्ये स्प्लिटच्या डोक्यावरचा क्लिसचा किल्ला. लढायांनी ओसाड झालेल्या सीमेवर उस्मानी, म्हणजे तुर्कांच्या, राज्याने हर्जेगोविना आणि पूर्वेकडच्या भागांतून व्लाख आणून वसवले. यांत ऑर्थोडॉक्स मोठ्या संख्येने होते. त्यांना सवलत अशी की इतर रयतेवरच्या अनेक करांऐवजी घरटी एक सोन्याचं नाणं द्यायचं, आणि बदल्यात सीमा राखायची, घाट सांभाळायचे, वेळ पडली की शत्रूच्या मुलखात घुसायचं. सौदा दोघांच्या फायद्याचा होता. किनाऱ्यावरच्या शहरांत बसलेल्या व्हेनिसच्या अधिकाऱ्यांनी डोंगरात आलेल्या या नव्या लोकांनाही जुनंच नाव लावलं. इथे शब्दाची माणसं बदलली: चौदाव्या शतकातला मोर्लाक आणि सोळाव्या शतकातला मोर्लाक यांच्यात रक्ताचं नातं असेलच असं नाही. 'मोर्लाकांचं मूळ' एका वाक्यात सांगणाऱ्याने हा टप्पा नेमका गाळलेला असतो.

सीमा शांत झाली की सीमेच्या राखणदाराची किंमत उतरते. उस्मानी राज्याने या सवलती पुढे हळूहळू काढून घेतल्या आणि नाराजी साठत गेली. 1645 ते 1669 या काळात क्रीट बेटासाठी व्हेनिस आणि तुर्क लढत होते. त्याची झळ डाल्मेशियात पोहोचली आणि हजारो मोर्लाक कुटुंबं गुरंढोरं घेऊन व्हेनिसच्या बाजूला आली. 1648मध्ये व्हेनिसने क्लिस घेतलं, त्यात मोर्लाकांचा हात मोठा होता. काही ठिकाणी पाद्रीच तलवार घेऊन पुढे होते. स्त्येपान सोरिच हा असाच एक पाद्री-सेनानी. व्हेनिसला तरी दुसरं काय हवं होतं? पगारी शिपाई महाग. हे लोक मात्र जमीन आणि लुटीतला वाटा यांवर लढायचे आणि डोंगराची प्रत्येक पायवाट त्यांना पाठ होती. त्यांच्या म्होरक्यांना व्हेनिसने 'सेर्दार' ही पदवी दिली. मूळ फारसी शब्द तोच, जो आपल्याकडे 'सरदार' म्हणून मुरला.

या सेर्दारांत सगळ्यात गाजलेला स्तोयान यान्कोविच. 1666मध्ये तुर्कांनी त्याला पकडून कॉन्स्टँटिनोपलला नेलं. वर्षभराने तो निसटून परत आला. व्हेनिसने त्याला 'सेंट मार्कचा नाइट' हा मान दिला. 1687मध्ये दुव्नोच्या चढाईत तो मारला गेला. त्याच्या कैदेवर आणि सुटकेवर रचलेलं वीरकाव्य आजही सर्ब आणि क्रोएट दोघंही आपलं म्हणून गातात. त्याचा वाडा इस्लाम ग्रचकीत आहे. हा माणूस स्वतःला काय म्हणवत असेल? बहुधा कुटुंबाचं नाव, पंथ, गाव आणि सेर्दारपद सांगत असेल. राष्ट्रीयत्वाचा रकाना त्याच्यापुढे कुणी ठेवलाच नव्हता.

1699 आणि 1718च्या तहांनी व्हेनिसची सीमा आत सरकली आणि हा डोंगरी मुलूख तिच्या ताब्यात आला. या दोन तहांच्या मधे, 1715च्या ऑगस्टमध्ये, बोस्नियाच्या पाशाने स्प्लिटच्या मागच्या डोंगरांतल्या सिन्यच्या गढीला वेढा घातला. आत सुमारे 700 लढवय्ये होते, बाहेर त्यांच्या कितीतरी पट फौज. तरी गढी टिकली. त्या विजयाची आठवण म्हणून दर ऑगस्टमध्ये सिन्यमध्ये 'आल्का' ही घोडदौडीची स्पर्धा होते. भरधाव घोड्यावरून भाल्याने टांगलेलं लोखंडी कडं टिपायचं. युनेस्कोने 2010मध्ये तिला वारशाच्या यादीत घेतलं. आज आल्का क्रोएशियाचं राष्ट्रीय अभिमानस्थान आहे. व्हेनिसच्या दफ्तरात मात्र त्या गढीतले बहुतेक जण मोर्लाकच असणार.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. मोर्लाक हे नाव प्रामुख्याने बाहेरच्यांनी दिलेलं. किनाऱ्यावरचा शहरी माणूस ते उच्चारायचा तेव्हा त्यात नाक मुरडणं असायचं: अडाणी, भांडकुदळ, डोंगरातला. हे लोक स्वतःला बहुतेकदा व्लाख म्हणवत. आपसांत त्यांची मोठी दरी पंथाची होती. कॅथलिकांकडे फ्रान्सिस्कन साधूंचा शब्द चाले, ऑर्थोडॉक्सांकडे क्रका आणि ड्रागोविचच्या मठांचा. दोन्ही बाजू एकमेकांना शिव्या घालतात आणि त्यांचे धर्मगुरूच त्यात तेल ओततात, असं अठराव्या शतकातला एक प्रवासी लिहून गेला.

हा प्रवासी म्हणजे पाडुआचा पाद्री आणि निसर्ग-अभ्यासक आल्बेर्तो फोर्तिस. खडक, मासे, खनिजं बघायला तो डाल्मेशियात आला आणि माणसांत अडकला. 1774मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात मोर्लाकांच्या चालीरीतींवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. सुरुवातीलाच तो सांगतो की किनाऱ्यावर यांच्याबद्दल क्रूरपणाच्या कहाण्या ऐकल्या होत्या, पण भेटले ते वेगळेच. पाहुण्यासाठी जीव टाकणारे, दिलेला शब्द पाळणारे, सूड न विसरणारे, गुस्ले नावाच्या एकतारीवर जुन्या लढायांची गाणी म्हणणारे. पेरुशिच गावच्या चर्चमध्ये दोन तरुण मुलींना विधिपूर्वक 'बहिणी' होताना त्याने पाहिलं. पुरुषांतही अशी मानलेल्या भावांची प्रथा होती आणि भावासाठी मरायची तयारी ठेवावी लागे. चेटकिणी आणि रक्त पिणारी भुतं यांवरचा त्यांचा विश्वासही त्याने टिपला.

फोर्तिसचा हेतू चांगला होता, पण तो शेवटी व्हेनिसच्या राज्यातल्या शिकलेल्या माणसाचा डोळा. रूसोच्या काळात युरोपला 'निसर्गाजवळचा भोळा माणूस' हवाच होता आणि बोटीने थोडं अंतर कापलं की तो डाल्मेशियात सापडत होता. मोर्लाकांची युरोपभर फॅशन आली. फॅशनला पहिलं उत्तर दिलं ते सिन्यकडच्याच एका विशीतल्या पोराने. इव्हान लोव्रिच पाडुआत शिकत होता. 1776मध्ये त्याने फोर्तिसच्या चुका काढणारं अख्खं पुस्तक छापलं: तुम्ही पाहुणे होतात, मी तिथला आहे, असा त्याचा सूर. मला तर या साऱ्या प्रकरणात लोव्रिचच सगळ्यात जवळचा वाटतो. बाहेरून लावलेल्या लेबलाशी आतून भांडणारा तो बहुधा पहिलाच. पुढच्याच वर्षी तो वारला.

फोर्तिसने आणखी एक गोष्ट केली, तिचे परिणाम त्यालाही झेपले नसते. त्याने 'हसनआगिनित्सा' हे एक लोकगीत मूळ शब्दांत आणि इटालियनमध्ये छापलं. जखमी हसनआगाची बायको संकोचामुळे त्याला भेटायला जात नाही. तो चिडून तिला तलाक देतो. तिचा बेग भाऊ तिचं लग्न इमोत्स्कीच्या काझीशी ठरवतो, आणि वरातीत आपली मुलं दिसताच ती कोसळून मरते. आगा, बेग, काझी, तलाक; सगळं घर मुसलमान. तरीही युरोपभर हे 'मोर्लाक गीत' म्हणून गाजलं. गटे या कवीने ते जर्मनमध्ये आणलं आणि हेर्डर या जर्मन विचारवंताने 1778च्या आपल्या लोकगीतसंग्रहात छापलं. आज बोस्नियाक, म्हणजे बोस्नियाचे मुसलमान, क्रोएट आणि सर्ब तिघंही त्यावर हक्क सांगतात. या फॅशनचा कळस 1827चा. प्रॉस्पेर मेरिमे या फ्रेंच लेखकाने इलिरियातली, म्हणजे याच किनाऱ्याकडची, म्हणून गाणी छापली, जी बहुतांशी त्याने स्वतःच रचली होती. रशियन कवी पुश्किनला ती खरी वाटली आणि त्याने त्यांतली काही रशियनमध्ये आणली. मेरिमेने नंतर हसत हसत कबुली दिली. खरा मोर्लाक तोवर साहित्यातून गायबच झाला होता.

1797मध्ये व्हेनिसचं राज्य बुडालं. आधी ऑस्ट्रिया आली, मधे काही वर्षं फ्रेंच आणि मग पुन्हा ऑस्ट्रिया. लढाऊ सीमा उरली नाही आणि मोर्लाक या शब्दाला काम राहिलं नाही. 1860च्या दशकात डाल्मेशियात स्लाव्ह राष्ट्रवादी चळवळ उभी राहिली, तेव्हा कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स एकाच पक्षात होते. 1880च्या सुमारास ते फुटले. त्यानंतर सूत्र सोपं झालं, फारच सोपं: कॅथलिक तो क्रोएट, ऑर्थोडॉक्स तो सर्ब. मोर्लाक आणि व्लाख या दोन खणांत वाटले गेले आणि प्रत्येक बाजूने मागे वळून सगळा इतिहासच आपला म्हणायला सुरुवात केली. सर्ब लेखकांना मोर्लाक म्हणजे मुळातले सर्ब दिसले. क्रोएट लेखकांना ते क्रोएट दिसले. 1990च्या दशकात तर 'इथले सर्ब म्हणजे खरं तर सर्ब झालेले व्लाख' असा युक्तिवाद राजकारणात हत्यारासारखा वापरला गेला. रोमानियन अभ्यासकांना त्यांत हरवलेले रोमानियन भाऊ दिसले. प्रत्येकाच्या हातात खरा पुरावा आहे, पण वेगवेगळ्या शतकांतला.

हा वाद पुस्तकांपुरता राहिला नाही. 1991 ते 1995च्या युद्धात क्निनच्या आसपासचा मुलूख आघाडीवर होता. ऑगस्ट 1995च्या क्रोएशियन लष्करी कारवाईत दीड ते दोन लाख सर्ब घरंदारं सोडून निघाले. त्याआधी तिथल्या क्रोएटांना हुसकावलेलं होतं. व्हेनिसच्या वहीत एकाच शब्दाखाली नोंदलेल्या लोकांचे वंशज आता समोरासमोर उभे होते. इस्लाम ग्रचकीतला यान्कोविचांचा वाडाही त्या काळात उद्ध्वस्त झाला आणि पुढे पुन्हा दुरुस्त करण्यात आला.

आज क्रोएशियात स्वतःला मोर्लाक लिहिणारे सापडलेच तर मूठभर. 'व्लाय' हा शब्द मात्र जिवंत आहे. स्प्लिटमध्ये डोंगरापलीकडून आलेल्याला व्लाय म्हणतात, बेटावरच्याला बोदुल. कधी चेष्टेने, कधी खोचकपणे; आणि आता बरेच व्लाय ते नाव छाती फुगवून सांगतात. त्यात वंशाचा प्रश्न कुणी काढत नाही. तू कुठल्या बाजूचा, एवढंच विचारलं जातं.

आणि ती जुनी लॅटिनवंशी भाषा? पंधराव्या शतकात फ्रांकोपानांनी क्र्क बेटावर काही व्लाख वसवले होते. त्यांची बोली एकोणिसाव्या शतकात संपली; तिच्यातली 'आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना मात्र कुणीतरी उतरवून ठेवली. इस्त्रिया द्वीपकल्पात मात्र झेयाने आणि शुश्न्येवित्सा भागात तिच्या नात्यातली एक भाषा अजून बोलली जाते. अभ्यासक तिला इस्त्रो-रोमानियन म्हणतात, युनेस्कोने तिला गंभीर धोक्यातल्या भाषांत घातलं आहे. बोलणारे आता शेकड्यांत मोजावेत इतकेच, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर बरेच जण न्यूयॉर्कला गेले. मध्ययुगातल्या मोर्लाकांच्या भाषेला सगळ्यात जवळचं काही उरलं असेल तर ते यांच्याकडे. झेयानेचा माणूस मात्र स्वतःची ओळख गावावरून सांगतो आणि आपल्या भाषेला आपल्या गावची भाषा म्हणतो.